लाल निशाण पक्ष नेमका कशावरून फुटला?

प्रश्न: मनपाच्या सफाई कामगारांच्या मोर्चात लाल निशाणचं नाव ऐकलं. आजोबा म्हणतात हे कम्युनिस्टच, पण कम्युनिस्ट पक्षातले नव्हेत. एवढासा पक्ष, तोही फुटला म्हणे. इतकं भांडण्यासारखं काय होतं?
– एक वाचक, दत्तवाडी

उत्तर: आजोबा बरोबर सांगतायत. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, रशिया आणि इंग्रज एका बाजूला आले आणि मग कम्युनिस्ट पक्ष म्हणायला लागला की आता हे लोकयुद्ध आहे, इंग्रजांना अडचणीत आणू नका, म्हणजे १९४२ च्या चले जावपासूनही लांब राहा. एस. के. लिमये, यशवंत चव्हाण (मुख्यमंत्री झाले ते नव्हेत) यांच्यासारख्यांना हे पटलं नाही आणि त्यांची नवजीवन संघटना वेगळी झाली. मंडळी पुढे शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) गेली, तिथूनही बाहेर पडून कामगार किसान पक्ष काढला आणि १९६५ ला लाल निशाण हे नाव आलं.

१९८८ ची फूट सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांच्यावरून. त्यांच्या पेरेस्त्रोइकातून, म्हणजे फेररचनेच्या धोरणातून, समाजवाद सुधारेल असं पक्षाला वाटत होतं, पक्षातलेच विरोधक म्हणाले ही सरळ माघार आहे, आणि त्यांनी लाल निशाण पक्ष (लेनिनवादी) काढला. मॉस्कोतल्या धोरणावरून इथले लोक वेगळे झाले याचं आज हसू येत असेल, पण ज्यांनी उभं आयुष्य त्या विचारावर काढलं त्यांच्यासाठी तो जगण्याचाच प्रश्न होता, मला तरी ते भांडण क्षुल्लक वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आधीच मोजके कार्यकर्ते, तेही दोन ठिकाणी वाटले गेले.

मतांवरून मात्र या पक्षाला जोखू नका. खरं काम युनियनमध्ये. पुणे महानगरपालिका कामगार युनियन याच लोकांनी वाढवली, 'श्रमिक विचार' हे दैनिक पुण्यातून चालवलं. सकाळी आरोग्य कोठीवर हजेरी लावून झाडू घेऊन निघणाऱ्या बाईला किमान वेतन मिळतंय का, ठेकेदार पीएफ भरतो का, हे कागद काढून विचारणारं कोणीतरी लागतं आणि ते यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने केलं. पक्षाचे नेते दत्ता देशमुख तर दुष्काळ आणि पाणीवाटपावर बोलायचे तेव्हा विरोधकही ऐकून घ्यायचे.

मूळ पक्ष २०१७ ला भारतीय कम्युनिस्ट पक्षात (भाकप) विलीन झाला, लेनिनवादी पुढे भाकप (मार्क्सवादी-लेनिनवादी) लिबरेशन या वेगळ्या पक्षात गेले. त्यामुळे बॅलेटवर हे नाव शोधू नका, पुढच्या वेळी मनपाच्या गेटवर मीटिंग दिसली तर तिथे थांबून ऐका.