बाळ रडले नाही, तेव्हा डॉक्टर पिशवी का दाबत होते?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझी सून तालुक्याच्या रुग्णालयात बाळंत झाली. बाळ पूर्ण दिवसांचे होते, पण जन्मल्यावर रडले नाही. डॉक्टरांनी त्याला उलटे धरले नाही, फटका मारला नाही आणि ऑक्सिजनही लावला नाही. पुसून झाल्यावर तोंडावर मास्क ठेवून ते नुसती पिशवी दाबत राहिले. थोड्या वेळाने बाळ रडले आणि आज ते नीट दूध पिते. माझ्या सासूबाई अशा वेळी वार निखाऱ्यावर शेकायला सांगत. ऑक्सिजन न देणे हा हलगर्जीपणा होता का? बाळाच्या मेंदूवर परिणाम राहील का?
– एक आजी, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपण लिहिले आहे त्यावरून हलगर्जीपणा दिसत नाही; जे करायला हवे तेच, आणि वेळेवर, झालेले दिसते.

पोटात असताना बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू त्याला वारेतून नाळेवाटे मिळतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही श्वासांनी हा द्रव मागे हटतो, फुप्फुसांत हवा भरते आणि तोवर आकसलेल्या तिथल्या रक्तवाहिन्या उघडतात. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी सुमारे 85 बाळे हे सारे अर्ध्या मिनिटाच्या आत स्वतःच करतात, आणखी दहा बाळे कोरडे पुसल्यावर व पाठ चोळल्यावर श्वास घेऊ लागतात. उरलेल्या पाचांना मात्र बाहेरून श्वास द्यावा लागतो. आपला नातू बहुधा या पाचांपैकी होता.

प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचा श्वास दोन टप्प्यांत थांबतो. पहिल्या टप्प्यात पुसण्या-चोळण्याने तो पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या टप्प्यात कितीही चोळले तरी होत नाही, फुप्फुसांत हवाच पोचवावी लागते. नुसते पाहून बाळ कोणत्या टप्प्यात आहे हे अनुभवी डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणूनच चोळण्यात वेळ न दवडता पहिले मिनिट संपण्याच्या आत मास्क-पिशवीने श्वास सुरू करावा, असा दंडक आहे. पिशवी मिनिटाला 40 ते 60 वेळा दाबतात आणि प्रत्येक दाबाबरोबर छाती उचलली जाते ना, हे पाहतात. उचलली जात नसेल तर मास्क नीट बसवतात, मान सरळ करतात, तोंडात काही अडकले असल्यास काढतात. हवा पोचू लागली की हृदयाचे ठोके वाढतात, आणि उपाय लागू पडत असल्याची पहिली खूण तीच. रडणे त्यानंतर येते. नीट श्वास देऊनही ठोके 60 च्या खाली राहिले, तर तीन वेळा छाती दाबून एक श्वास या प्रमाणात पुढचा उपचार होतो, पण ती वेळ फार क्वचित येते.

आता ऑक्सिजनविषयी. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साध्या हवेनेच, म्हणजे 21 टक्के ऑक्सिजननेच, श्वास द्यावा, ही आज जगभर मानलेली पद्धत आहे. शुद्ध ऑक्सिजनने अपाय होऊ शकतो, हे अभ्यासांतून कळले आहे. निरोगी बाळाच्याही रक्तातील ऑक्सिजनची पातळी पहिल्या मिनिटाला 60 ते 65 टक्केच असते आणि 85 च्या वर जायला दहा मिनिटे लागू शकतात, त्यामुळे पहिली काही मिनिटे ते थोडे निळसर दिसले तरी घाबरण्याचे कारण नसते.

वार शेकल्याने बाळाला काहीही मिळत नाही. जाते ते मोलाचे पहिले मिनिट, आणि ओले बाळ तेवढा वेळ गारठते. पण यात सासूबाईंना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्या हाती दुसरे साधनच नव्हते. ते हाती दिले तर काय होते, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांतील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना घरी जन्मणाऱ्या बाळांची काळजी घ्यायला शिकवले, त्यात मास्क लावून श्वास देणेही होते. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास प्रसिद्ध केला. केंद्र सरकारचा नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम 2009 पासून डॉक्टर व परिचारिकांना हेच कौशल्य शिकवतो.

मेंदूची काळजी वाटणे साहजिक आहे. मात्र ज्या बाळाला थोडाच वेळ श्वास द्यावा लागला, पहिल्या दिवसांत झटके आले नाहीत, अंग लुळे पडले नाही आणि जे जोमाने दूध ओढते, त्याला कायमची इजा होण्याची शक्यता बरीच कमी असते. डिस्चार्ज कार्डावर पाचव्या मिनिटाचा अॅपगार गुण, म्हणजे बाळाचा श्वास, ठोके, रंग वगैरे पाहून दिलेले दहापैकी गुण, पाहावा. तो सात किंवा अधिक असेल तर ते समाधानाचे आहे, पण त्यावरून मुलाची हुशारी ठरत नाही. लसीकरणाला जाल तेव्हा मान धरणे, ओळखीचे हसणे वेळेवर होते का, हे बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मला आठवा महिना चालू आहे. प्रसूतीसाठी रुग्णालय ठरवताना बाळाच्या दृष्टीने काय विचारावे?
– एक वाचिका, कणकवली

उत्तर : खोली वातानुकूलित आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा की प्रसूतीच्या वेळी केवळ बाळाकडे पाहणारी, मास्क-पिशवी वापरता येणारी व्यक्ती तिथे उभी असेल का. रात्री दोन वाजताही असेल का. वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे यंत्र, आधीच तापवून ठेवतात का आणि बाळ चांगले असल्यास त्याला लगेच आईच्या उघड्या छातीवर देतात का, हेही विचारावे, कारण बाळाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस राखणे हा उपचाराचाच भाग आहे. पहिली आंघोळ दुसऱ्या दिवसावर टाकावी, दूध मात्र पहिल्या तासात पाजावे.

रक्तदाब, जुळे, कमी दिवस अशी जोखीम असेल, तर नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणीच प्रसूती ठरवावी. जन्मल्यावर बाळाला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच तिथे पोचलेले अधिक सुरक्षित असते. तरीही हलवावेच लागले, तर बाळ स्थिर करून, शक्यतो आईच्या किंवा दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाच्या अंगाला अंग लावून न्यावे आणि निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयाला फोन केलेला असावा.