सणासुदीला लांबच्या मित्रांनी एकमेकांना गाणी कशी पाठवावीत?

आपला प्रश्न असा आहे की, नांदेड-लातूरकडचे आपण काही वर्गमित्र आता पुणे, हैदराबाद आणि दुबईत विखुरले आहात, सणावाराला एकमेकांना आवडती गाणी पाठवता, पण ग्रुपवर नुसत्या लिंका साचत जातात आणि कोणीच काही ऐकत नाही. तर यंदा नवरात्रापासून दिवाळीपर्यंत हे अधिक चांगल्या रीतीने कसे करता येईल? मी परभणीला राहतो आणि आमच्या महाविद्यालयातल्या मित्रांमध्ये ही देवाणघेवाण गेली काही वर्षे चालू आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. एका वेळी एकच गाणे पाठवावे, ते आपल्याला कुठे भेटले हे सोबत चार ओळींत लिहावे, आणि सणाच्या गाण्यांपैकी जी कोणत्याही अ‍ॅपवर सापडत नाहीत ती आधी पाठवावीत.

चार ओळी लिहिण्याचा आग्रह का, ते नवरात्राच्याच उदाहरणाने स्पष्ट होईल. संत एकनाथांचा जोगवा आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे आणि यूट्यूबवर तो अनेक आवाजांत उपलब्ध आहे, त्यामुळे कोणी नुसती लिंक टाकली तर 'हे तर माहीत आहे' असे म्हणून प्रत्येक जण पुढे जातो. त्याऐवजी मित्राने असे लिहिले की, परडी घेऊन दारोदार जोगवा मागण्याची जी रीत गावोगाव होती तिचे रूप पैठणच्या नाथांनी उचलले आणि धान्याच्या जागी देवीकडे बोध मागितला, आणि तुळजापूरला जाणारा आमच्या गावचा आराधी मेळा, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांचा जथा, हाच जोगवा संबळ-तुणतुण्यावर अगदी वेगळ्या ठेक्यात म्हणतो, तर ऐकणाऱ्याला काय ऐकायचे ते कळते आणि तो ठेक्याकडे कान देऊन गाणे पूर्ण ऐकतो. आमच्याकडे हे वारंवार घडलेले मी पाहिले आहे. गाण्याचे कौतुक करणारी विशेषणे लिहिण्याची मात्र गरज नसते. 'अप्रतिम' या शब्दाने कोणी गाणे ऐकायला बसत नाही.

आपल्या मित्रमंडळात वेगवेगळ्या तालुक्यांतले लोक असतील तर ती मोठीच जमेची बाजू आहे, कारण मराठवाड्याच्या सणांची गाणी एकाच भाषेत किंवा एकाच धर्मात मावत नाहीत. आमचा देगलूरकडचा मित्र भाद्रपदातल्या अमावास्येपासून बतकम्माची तेलुगू गाणी पाठवू लागतो. फुलांच्या उतरंडीभोवती टाळ्या वाजवत फिरणाऱ्या बायकांचे ते गाणे आणि ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे 'उय्यालो' ऐकताना आम्हाला नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकींचा फेर आठवला, आणि त्या दिवशी अनेकांनी आपापल्या घरी फोन करून पंचमीची गाणी विचारून घेतली. बंजारा तांड्यावर वाढलेला मित्र होळीला डफावरची लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचे होळीचे गाणे, पाठवतो. नांदेडला शिकलेल्यांना हुजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यातले पहाटेचे कीर्तन ओळखीचे असते, तर खुलताबादच्या उरुसातली कव्वाली ऐकत मोठा झालेला आमचा आणखी एक मित्र ईदच्या आदल्या रात्री कव्वाली पाठवतो आणि तिच्यातल्या दख्खनी शब्दांचे अर्थही लिहितो. छत्रपती संभाजीनगरच्या मित्राकडून 14 एप्रिलला भीमगीते येतात, आणि 1994 मध्ये ज्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले त्या 14 जानेवारीलाही येतात. आपण केवळ नवरात्र आणि दिवाळी एवढाच विचार केला आहे, पण माझी आपल्याला विनंती आहे की वर्षभराची अशी यादी करावी आणि ज्या सणाचे गाणे ज्याच्या घरात आहे त्याच्यावरच तो सण सोपवावा. जबाबदारी नावाने ठरली की लिंकांचा ढीग आपोआप कमी होतो.

आता अ‍ॅपवर न मिळणाऱ्या गाण्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचा गाभा तोच आहे. महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या वेळी घरातल्या बायका जे म्हणतात, दळताना म्हटलेल्या ज्या ओव्या आजीला अजून पाठ आहेत, लेकीला सासरी पाठवताना किंवा पंचमीच्या झोक्यावर जे गायले जाते, त्याचे ध्वनिमुद्रण बहुतेक घरांत कोणीही केलेले नसते, आणि गाणारी व्यक्ती गेली की ते गाणे तिच्याबरोबर जाते. हेमा राईरकर आणि गी पॉईटवॅ यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या वाचायला आणि ऐकायला मिळू लागल्या. त्यात आमच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्या आहेत आणि माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. त्या जरूर ऐकाव्यात, आणि ऐकताना गायिका, गाव आणि तारीख यांची नोंद तिथे कशी केली आहे याकडे विशेष लक्ष द्यावे. आपणही मुद्रण सुरू करताना गाणाऱ्या व्यक्तीलाच आपले नाव, गाव, हे गाणे कोणत्या सणाचे आणि कोणाकडून शिकले हे बोलायला सांगावे. ही माहिती गाण्याच्याच फाइलमध्ये राहिली म्हणजे फाइल कितीही लांब गेली तरी तुटत नाही.

मुद्रणासाठी साधा मोबाइल पुरेसा आहे. पंखा बंद करावा, फोन तोंडापासून हातभर अंतरावर एखाद्या उशीवर ठेवावा आणि फोनमधले रेकॉर्डर वापरावे. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट बोलण्यासाठी केलेली असल्यामुळे तिच्यात आवाज फार दाबला जातो आणि झांज किंवा टाळ फुटल्यासारखे ऐकू येतात, म्हणून वेगळी ध्वनिफीत तयार करून ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. तशी ती जशीच्या तशी पोहोचते. व्हिडिओ कॉलवर सर्वांनी एकत्र आरती किंवा गाणे म्हणण्याचा बेत असेल तर तो सोडावा. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचायला जो किंचित वेळ लागतो तेवढ्यानेच ताल बिघडतो, शिवाय ही अ‍ॅप्स संबळाला आणि टाळांना गोंगाट समजून दाबून टाकतात. एकाने गावे आणि बाकीच्यांनी आपापले माइक बंद ठेवून ऐकावे, हे उत्तम जमते. झूम वापरत असाल तर मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ देण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्ये आहे, ती गाणाऱ्याने चालू करावी.

बाजारात असलेल्या गाण्यांसाठी स्पॉटिफाय किंवा यूट्यूबवर सर्वांना भर घालता येईल अशी एक सामायिक यादी करून ठेवावी. गाण्यांच्या फाइली उतरवून फिरवू नयेत. नाथांची रचना सर्वांची आहे, परंतु एखाद्या गायकाने केलेल्या तिच्या ध्वनिमुद्रणावर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतो, आणि लिंकेवरून ऐकले तर हक्कदाराला त्याचा वाटा मिळण्याची शक्यता तरी राहते.

घरी मुद्रित केलेल्या गाण्याविषयी याहून कडक नियम पाळावा असे मला वाटते. फेरात मोकळेपणाने गाणारी मावशी किंवा चुलती आपला आवाज अनोळखी लोकांच्या फोनवर जावा याला तयार असेलच असे नाही, आणि भिडेखातर ती नाही म्हणणारही नाही, म्हणून मुद्रण झाल्यावर ते तिला ऐकवावे, ते कोणाकोणाकडे जाणार आहे हे नावानिशी सांगावे आणि तिने मान्य केले तेवढ्यांनाच पाठवावे. आमच्यात पुढे पाठवण्यापूर्वी ज्याच्या घरचे गाणे आहे त्याला फोन करून विचारण्याची पद्धत आहे. यंदा आपल्यापैकी जो घटस्थापनेला गावी असेल त्याच्यापासून सुरुवात करा. मेळ्यातले आराधी सहसा आनंदाने गाऊन दाखवतात, फक्त त्यांच्या परडीत जोगवा घालूनच फोन बाहेर काढावा.