बाळ रात्री सलग झोपतं, मग अंगावरचं दूध आटेल का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा दिसतो. बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. गेले काही दिवस रात्री दहाला झोपलं की पहाटे पाचपर्यंत हूं की चूं करत नाही. पहाटे छाती गच्च होते, संध्याकाळी मात्र अगदी सैल लागते. सासूबाई म्हणतात, उठवून पाज, नाहीतर दूध आटेल. मैत्रीण म्हणते, पंप घे आणि रात्री दोनला काढत जा.

ताई, बाळाचं वजन नीट वाढत असेल तर दोन्ही करू नका. बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा प्रश्न साधारण याच वयाला येतो.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पहिल्या काही आठवड्यांत ते खरंच असतं. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं आणि तेव्हाच दुधाची घडी बसत असते. म्हणून जन्माच्या वजनाला परत येईपर्यंत बाळाला दोन-तीन तासांनी उठवूनच पाजायचं, असं आम्हीही वॉर्डात बजावतो. कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा कावीळ असलेलं बाळ असेल तर डॉक्टर सांगतील तोवर. पण तुमची ती पायरी मागे पडली. आता हिशेब वेगळा आहे: छातीत जितकं दूध साठून राहतं तितकं पुढचं दूध हळू बनतं, जितकं निघतं तितकं भराभर बनतं. हे दोन्ही बाजूंना वेगवेगळं चालतं, म्हणून एकाच बाजूला जास्त पाजणाऱ्या आईची दुसरी बाजू लहान दिसायला लागते.

म्हणजे रात्रीची एक पाजणी गेली म्हणून दूध आटत नाही. चोवीस तासांत एकूण किती निघतं, ते महत्त्वाचं. पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत बाळ दिवसाला साधारण 750 ते 800 मिली दूध पितं आणि गंमत म्हणजे हा आकडा वयाबरोबर फारसा वाढत नाही. तुमचं बाळ रात्रीचं दूध सोडत नाहीये, ते पहाटे आणि दिवसा भरून काढतंय. संध्याकाळी छाती सैल लागते, कारण शरीराला आता अंदाज आलाय. सैल छाती म्हणजे रिकामी छाती नव्हे.

पहाटेचा त्रास मात्र सहन करत बसू नका. दूध साकळलं की गाठ होते आणि ताप यायला वेळ लागत नाही. झोपमोड झालीच तर उठून बसा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे ठेवा. आधी बरगड्यांकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवर घासायची नाहीत. दोन-चार चमचे निघाले आणि छाती मऊ झाली की थांबा. वाटी भरेपर्यंत काढलंत तर शरीराला वाटेल की मागणी आहे, आणि उद्या रात्री पुन्हा तेवढंच भरेल. पंपाचं हेच होतं. वर थंड ओला रुमाल ठेवा. जोरात चोळू नका. आठवडाभरात हे बहुतेक आपोआप बसतं. एखादा भाग लाल, गरम झाला किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि पाजणं बंद करू नका.

तुम्हाला स्वतःला सात तास जमतच नसतील तर एक सोपी युक्ती आहे. अकराला झोपायला जाताना बाळाला न उठवता उचला, ओठाला स्तनाग्र लावा. बरीच बाळं डोळे न उघडता पितात.

खरी गळती दिवसा होते, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. या वयात बाळ इकडेतिकडे बघायला लागतं. पंखा फिरला की तोंड सोडतं, दाराची बेल वाजली की सोडतं. शिवाय पाहुणे, चोखणी, लांबलेली दुपारची झोप. दिवसा दोन-तीन पाजण्या अशाच हुकल्या आणि रात्रही मोकळी गेली, तर मात्र दूध कमी होतं. त्यामुळे दिवसा दर दोन-तीन तासांनी पाजा, शांत खोलीत, दोन्ही बाजूंनी. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी आवडीने खा, पण त्यांच्या भरवशावर पाजण्या कमी करू नका.

आता खात्री कशी करायची? 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसीला गेलात तेव्हाची वजनं कार्डावर असतील. आता अंगणवाडीत पुन्हा करून घ्या, शक्यतो त्याच काट्यावर. तीन ते सहा महिन्यांत दिवसाला सरासरी 15 ते 20 ग्रॅम वाढ पुरेशी आहे. चोवीस तासांत सहा-सात वेळा शू आणि जागेपणी बाळ टवटवीत, एवढं असलं की झोपू द्या. वजन अडलं असेल किंवा बाळ दिवसाही मरगळलेलं असेल, तर उठवून पाजा आणि डॉक्टरांना दाखवा.

एक आगाऊ प्रश्न विचारते: गुटी चालू आहे का? ही लांब झोप गुटीनंतरच सुरू झाली असेल तर जायफळाचे किती वेढे पडतात ते बघा. सहाणेवर उगाळताना ‘झोप लागू दे’ म्हणून दोन वेढे जास्त देणाऱ्या आज्या मी पाहिल्यात. जायफळाची गुंगी येते. सहा महिन्यांपर्यंत गुटी नकोच, हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून कळलं तर घरात शांतता राहील.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. पाजत असताना दिवस राहत नाहीत, यावर तुम्ही विसंबून असाल तर तो भरवसा आता संपला. पाळी आलेली नाही, बाळ सहा महिन्यांच्या आत आहे, फक्त अंगावर पितं, आणि पाजण्यांत दिवसा चार व रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर नाही, हे सगळं एकत्र असेल तरच तो धरायचा. तुमचं रात्रीचं अंतर सात तासांचं झालंय. माला-एन सध्या नको. ती गोळी पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने देत नाहीत. तांबी, अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळी यांतलं तुम्हाला काय चालेल, ते याच आठवड्यात दवाखान्यात विचारून या.