पाणबुडीचं नाक गोल का असतं? टोकदार असतं तर ती जास्त वेगाने गेली नसती का?

हाच प्रश्न 1983 साली तोंडी परीक्षेत माझ्यावर आला होता, म्हणून लिहायला बसले.

मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट म्हणून मी पाणबुडीचं दोन फुटी लाकडी मॉडेल केलं होतं. आमचं घर कोकणातलं, होड्या बांधणारं. रंधा मारायला बाबांनी शिकवलं, आकार मात्र मी कुप्यावरून, म्हणजे ट्यूना माशावरून घेतला. आई कुपा कापायला बसली की मी बघत राहायचे. डोक्याकडे भरलेला, आणि मग शेपटीपर्यंत सावकाश निमुळता होत गेलेला. मॉडेलला तसंच गोल नाक दिलं. बाहेरून आलेले परीक्षक हसले. "मुली, नाळ, होडीचं पुढचं धारदार टोक, मागे लावलीस की काय? पाणी कापायला धार लागते." पुढे एक प्रश्न विचारला नाही आणि मार्क कापले.

ते साफ चुकले होते, आणि त्याचा पुरावा तीस वर्षं आधीच पाण्यात उतरला होता. अमेरिकेच्या पोर्ट्समथ नेव्हल शिपयार्डमध्ये 1953 साली अल्बाकोर ही पाणबुडी बांधली. तिला टॉर्पेडोच्या नळ्या नव्हत्या, कारण ती लढायला बांधलीच नव्हती. आकार तपासायला बांधली होती. अल्बाकोर हे कुप्याच्याच एका जातीचं नाव! त्याआधीच्या पाणबुड्या बराचसा प्रवास पाण्यावरून करत, बुडी मारत ती गरजेपुरती. म्हणून त्यांना जहाजासारखी धारदार नाळ असे. वर लाटा उठतात, त्यात शक्ती वाया जाते, तिथे धार उपयोगी पडते. खोल पाण्यात लाटाच नसतात. तिथे प्रश्न मागच्या बाजूचा असतो: पाणी अंगाला चिकटून शेवटपर्यंत गेलं पाहिजे, सुटून भोवरे झाले की ओढ वाढते. म्हणून नाक गोल आणि शेपूट लांब निमुळती.

अल्बाकोरची शेपूट तर पुन्हापुन्हा बदलून पाहिली. सुकाणूची पाती फुलीसारखी बसवली, एकामागे एक उलट फिरणारे दोन पंखे (प्रोपेलर) लावले. 1966 मध्ये ती पाण्याखाली 33 नॉटपर्यंत गेली, म्हणजे ताशी साधारण 61 किलोमीटर. तिचा आकार अणुइंजिनाला जोडून 1959 साली स्किपजॅक ही पाणबुडी आली. आपल्याकडेही फरक दिसतो. भारतीय नौदलाची 1967 ची सोव्हिएत बनावटीची पाणबुडी कलवरी जुन्या, जहाजासारख्या घाटाची. तिची बहीण कुरसुरा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आहे, जाऊन बघा. 2017 ची माझगाव डॉकमधली, त्याच नावाची नवी कलवरी गोल नाकाची.

2016 मध्ये लेकीकडे बोस्टनला गेले होते, तेव्हा हट्टाने पोर्ट्समथला गेले. अल्बाकोर आता तिथे जमिनीवर, एका खळग्यात ठेवली आहे. आत चालवणाऱ्याच्या जागेवर विमानासारखं चाक आहे, त्यावर हात ठेवून पाहिला. मग बाहेर येऊन नाकासमोर उभी राहिले. कुठेही धार नाही. लेक म्हणाली, "आई, हे तर तुझं मॉडेल."

शिकवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की नजरेने निकाल देऊ नका, मॉडेल पाण्यात सोडा. मी 1983 च्याच मे महिन्यात सोडलं होतं. आमच्या हौदात, पोटात शिसं भरून, पूर्ण बुडवून. कप्पीवरून दोरी आणि टोकाला वजन. आधी गोल बाजू पुढे, मग निमुळती बाजू पुढे. बाबा घड्याळ धरून होते. बारा वेळा ओढलं, बाराही वेळा गोल नाकाने कमी वेळ घेतला.

एक राहिलं. हे सगळं पाण्याखालचं. होडीला धार हवीच, आणि अल्बाकोरही पाण्यावर तशी बेताचीच चालायची. शिवाय आजच्या बऱ्याच पाणबुड्या मधल्या भागात सरळ नळकांड्यासारख्या असतात, कारण सगळीकडे एकाच व्यासाचं पोलाद वळवणं सोपं आणि स्वस्त पडतं.

मॉडेल अजून माझ्याकडे आहे. ते परीक्षक हयात असतील आणि हे वाचत असतील, तर या. हौदही तिथेच आहे.