शहर सोडलं की तब्येत सुधारते का?

नोकरदार आणि कामगार वाचकांच्या पत्रांतून या वेळी पाच प्रश्न घेतले आहेत. पाचही एकाच शंकेभोवती फिरतात.

प्रश्न : वय ४४, मोठ्या शहरात ऑफिसची नोकरी. जाण्या-येण्यात रोज तीन तास जातात, आणि अलीकडे रक्तदाब वाढू लागला आहे. कंपनीने लहान शहरातल्या शाखेत बदली देऊ केली आहे. घरचे म्हणतात, तिथली हवा मानवेल. खरंच फरक पडेल का?

उत्तर : पडू शकतो, पण नुसता पत्ता बदलून पडत नाही. गाव माणसाच्या तब्येतीपर्यंत मोजक्या वाटांनी पोहोचतं : कामाचे तास, झोप, चालणं, हवा, आवाज आणि इस्पितळाचं अंतर. यांतलं तुमच्या बाबतीत काय आणि किती बदलणार, ते होकार कळवण्याआधी काढा.

पहिले कामाचे तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी. लहान शाखेत माणसं कमी असतात. एक जण रजेवर गेला की त्याचं टेबल दुसऱ्याच्या गळ्यात पडतं आणि महिनाअखेरीला सगळेच उशिरापर्यंत बसतात. म्हणून तिथे तुम्हाला मिळणाऱ्या जागेवर सध्या जो बसतो त्याला फोन करा. तो किती वाजता घरी जातो, सुट्टीच्या दिवशी किती फोन येतात, रजेच्या काळात काम कोण बघतं, हे विचारा. साहेबांकडून याचं खरं उत्तर मिळेलच असं नाही.

कामावर तुमचा स्वतःचा ताबा किती, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. शहर एक, आरोग्यसेवा एक, बहुतेकांचं काम टेबलावरचं. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही हा फरक पूर्ण उलगडला नाही. पुढच्या अभ्यासांत कामावरचा ताबा हे त्यामागचं एक मोठं कारण दिसून आलं. नव्या जागी निर्णय तुमचे असतील की प्रत्येक कागद मुख्य कार्यालयाकडे पाठवावा लागेल, हा प्रश्न म्हणूनच तब्येतीचा आहे.

आता प्रवास. रोजचे तीन तास म्हणजे पाच दिवसांचे पंधरा. ते वाचणार ही मोठीच जमेची बाजू. मात्र ते कुठे जाणार हे आधी ठरवलं नाही, तर निम्मे कामात आणि उरलेले मोबाईलमध्ये जातात. पहिला तास झोपेला द्या. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास लागतात, आणि अपुऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो हे तुमच्या बाबतीत विशेष लागू आहे.

हवेचं गृहीत धरू नका. सूक्ष्म धूलिकणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांच्या सरासरीला १५ इतकी कडक आहे. लहान शहरात गाड्या कमी असल्या तरी उघड्यावर जाळलेला कचरा, लाकडाच्या चुली आणि जवळून जाणारा महामार्ग मिळून ती सहज ओलांडतात. घर बघायला दुपारी जाऊ नका. थंडीच्या दिवसांत पहाटे आणि रात्री नऊच्या सुमारास जा. जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, त्यामुळे धूर खालीच साचतो आणि खरी स्थिती त्या वेळी कळते. त्याच फेरीत झोपायच्या खोलीत रस्त्याचा आवाज किती येतो ते ऐका. रस्त्याच्या रहदारीसाठी युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रात्रीची सरासरी, घराबाहेर मोजलेली, ४५ डेसिबलच्या खाली ठेवायला सांगितलं आहे. मोबाईलवरचं ॲप अचूक नसतं, पण दोन घरांची तुलना करायला पुरतं.

इस्पितळ. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनवर पाहावं लागतं. तेव्हा ‘दवाखाना जवळ आहे’ एवढ्यावर थांबू नका. चोवीस तास सीटी स्कॅन कुठे चालतो आणि घरापासून तिथे पोहोचायला रात्री किती मिनिटं लागतात, हे स्वतः जाऊन बघा. रक्तदाब वाढलेल्या माणसाने तरी हे टाळू नये.

बदली घेतलीत तर फरक मोजा. निघण्याआधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ रक्तदाब घ्या : पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, दंड हृदयाच्या पातळीला, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांनी आणि वर्षाने हेच पुन्हा करा. स्थलांतराच्या धावपळीत गोळ्या बंद पडतात आणि वाढलेल्या आकड्याचा दोष नव्या गावाला जातो. दोन महिन्यांची औषधं आणि चिठ्ठी जवळ ठेवूनच निघा.

प्रश्न : वर्षापूर्वी शहर सोडलं. हवा चांगली, ताण कमी, झोपही छान. तरी वजन वाढलं. असं कसं?

उत्तर : चालणं गेलं. शहरात घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस अशी पायपीट जाताना १५ आणि येताना १५ मिनिटं धरली, तरी पाच दिवसांत १५० मिनिटं होतात. प्रौढांना आठवड्याला जितका मध्यम व्यायाम किमान हवा, नेमका तितकाच. तो न ठरवता होत होता. लहान गावात दारात गाडी असते आणि कामाची जागा पाच मिनिटांवर. रोज तासभर भरभर चालणं सुटलं, तर ७० किलोच्या माणसाच्या खर्चातले साधारण २०० ते २५० किलोकॅलरी कमी होतात. जेवण मात्र पूर्वीइतकंच राहतं.

हे तुमच्या एकट्याचं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात १९८५ ते २०१७ या काळात सरासरी बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्यात, झालेल्या वाढीपैकी ५५ टक्क्यांहून जास्त वाढ ग्रामीण भागातली निघाली. आणि एकाच शहरात, एकाच बसवरही हालचालीचा फरक दिसतो. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं.

उपाय साधा आहे. दोन किलोमीटरच्या आतल्या कामांना गाडीची किल्ली घ्यायची नाही. वेग असा ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. वजनकाट्यापेक्षा कंबर मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता.

प्रश्न : आठवडाभर शहरात काम आणि सुट्टीला निसर्गात, एवढं पुरतं का?

उत्तर : काहीच नसण्यापेक्षा बरंच चांगलं. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं, मग तो वेळ एकदम घालवलेला असो की तुकड्यांनी. अर्थात धडधाकट माणूसच जास्त फिरतो, हेही त्यात आलं. शहरातली झाडांची बागही यात धरली होती, तेव्हा दूर जायलाच हवं असं नाही.

प्रश्न : मी कंपनीत मनुष्यबळ विभाग पाहते. आमच्या लहान गावातल्या शाखेत आजारपणाच्या रजा मुख्य कार्यालयापेक्षा स्पष्टपणे कमी आहेत. तिथले लोक जास्त निरोगी आहेत, असं म्हणू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी वय बघा. रजांची तुलना वयोगट पाडूनच करायची : तिशीतल्यांची तिशीतल्यांशी, पन्नाशीतल्यांची पन्नाशीतल्यांशी. मग शाखा सोडून गेलेले कोण ते बघा. ज्याला किंवा ज्याच्या घरच्यांना मोठा आजार होतो तो इस्पितळाजवळ बदली मागतो, आणि त्याच्या रजा मुख्य कार्यालयाच्या खात्यात पडतात. नोकरीत टिकलेले तेवढे निरोगी दिसतात. हा फसवा परिणाम कामगार-आरोग्याच्या जवळजवळ प्रत्येक तुलनेत डोकावतो.

शाखा छोटी असेल तर आकडाही कच्चा असतो. वीस माणसांत एकाने साठ दिवसांची रजा घेतली की सरासरी माणशी तीन दिवसांनी चढते. एका वर्षावर जाऊ नका, निदान तीन वर्षं एकत्र धरा. रजेचे एकूण दिवस आणि रजा किती वेळा घेतली हे वेगळं मांडा. बदली माणूस नाही म्हणून लोक ताप अंगावर काढून कामावर येतात का, हे मात्र कागदावर दिसणार नाही. ते नाव न विचारता भरून घेतलेल्या छोट्या प्रश्नपत्रिकेतून कळेल : ‘गेल्या तीन महिन्यांत बरं नसताना किती दिवस कामावर आलात?’

प्रश्न : दगड कापण्याच्या कारखान्यात काम करतो. कारखाना शहराबाहेर, मोकळ्या जागी हलणार आहे. छाती आणि कानांना आराम मिळेल ना?

उत्तर : यंत्रं तीच राहिली तर नाही. तुमच्या फुप्फुसात जाते ती करवतीपाशी उडणारी धूळ. बाहेर शंभर मैल हिरवं रान असलं तरी ती तितकीच असते. दगडातल्या सिलिका या खनिजाचे घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांनी फुप्फुसात पाडलेले व्रण परत भरत नाहीत. नव्या शेडमध्ये तीन गोष्टींचा आग्रह धरा : पात्यावर सतत पाणी, कापायच्या जागेजवळ धूळ ओढणारं तोंड, आणि कोरडा झाडू व हवेचा फवारा बंद. शेड उंच आणि हवेशीर आहे या कारणावरून धूळ ओढणारी यंत्रणा गाळली जाते, ही स्थलांतरातली नेहमीची चूक. कापडी रुमाल सूक्ष्म धूळ अडवत नाही. एन-९५ किंवा त्यावरचा मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही कडेने गळतो.

कानांसाठी : ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तुम्ही ८५ च्या आसपास किंवा वर आहात. कानात घालायचं फोमचं बोंड चिमटीत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोंड आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसतं कानाच्या तोंडाशी खोचलेलं बोंड फारसं काम करत नाही. आठ तासांपैकी अर्धा तास जरी गोंगाटात काढून ठेवलं, तरी भारीतल्या भारी बोंडाचं दिवसभराचं संरक्षण १२ डेसिबलच्या वर जात नाही.

जुन्या ठिकाणच्या छातीच्या एक्स-रेची, श्वासचाचणीची आणि श्रवणचाचणीची प्रत हलण्याआधी मागून घ्या. नव्या जागी पहिली श्रवणचाचणी पाळी सुरू होण्यापूर्वी, रात्रभर कानाला विश्रांती मिळाल्यावर करा. पाळी संपल्यावर केलेल्या चाचणीत तात्पुरतं बधिरपण मिसळतं, आणि पुढच्या प्रत्येक तुलनेचा पायाच चुकतो.