स्क्रू बसवावेत, की नस मोकळी करून थांबावे?

प्रश्न : आईचे वय ६४ आहे. दहा मिनिटे चालले की तिच्या पोटऱ्या भरून येतात आणि बसल्याशिवाय पुढे पाऊल उचलत नाही. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांत गॅप असून नस दबल्याचे कळले. स्क्रू टाकून मणके जोडावेत, असा सल्ला मिळाला आहे. ते आवश्यक आहे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ‘गॅप’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला असला, तरी घडते ते नेमके उलटे. मणक्यांमधली गादी वयोमानाने सुकून बसते, अंतर घटते, मागचे सांधे जाड होतात आणि नसांची वाट अरुंद होते. भाजीच्या हातगाडीवर टेकून वाकल्यावर आईंना बरे वाटते का, हे विचारून पाहा. पुढे वाकल्याने ती वाट किंचित रुंदावते. तसे असेल, तर मुख्य काम नस मोकळी करण्याचे आहे.

मणके जोडण्याचा प्रश्न त्यानंतरचा. स्वीडनमधील २४७ रुग्णांच्या अभ्यासात (२०१६) नस मोकळी करण्यासोबत मणके जोडल्याने दोन वर्षांनंतर अधिक लाभ दिसला नाही, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांचा मणका पुढे सरकलेलाही होता. त्याच वर्षीच्या ६६ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासाने मात्र जोडणीच्या बाजूने थोडा कौल दिला. माझ्या मते निर्णय मणका किती हलतो यावर व्हावा. एमआरआय आडवे झोपवून काढतात, त्यात हे नीट कळत नाही. म्हणून उभे राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले साधे एक्स-रे झाले आहेत का, हे सर्जनना अवश्य विचारा. मणका हलत नसेल आणि कमरेपेक्षा पायांचेच दुखणे अधिक असेल, तर जोडणी कशासाठी, याचे उत्तर मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

जोडणी ठरलीच, तर हे लक्षात घ्यावे की स्क्रू आणि सळ्या मणके केवळ धरून ठेवतात. खरा सांधा तेथे भरलेल्या हाडाच्या तुकड्यांतून तयार होतो व त्याला सहा महिने ते वर्ष लागते. तंबाखूने हाड जुळणे रखडते आणि मिश्रीही तंबाखूच असते, हे घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय जोडलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या मणक्यांवर पुढे अधिक भार पडतो.

काही आठवडे व्यायाम व औषधे घेऊन दुसरे मत घेण्याने सहसा नुकसान होत नाही. मात्र लघवी अडली, नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.