वाचलेल्या पुस्तकावर मत लिहिताना

आपण नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांविषयी लिहू लागला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो: पुस्तक मिटताच लिहू नका, दोन दिवस जाऊ द्या आणि त्यानंतरही जे प्रसंग मनात रेंगाळत असतील त्यांच्यापासूनच आरंभ करा.

चित्रकादंबरीच्या, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या कादंबरीच्या, बाबतीत नवे वाचक केवळ संवादाच्या फुग्यांतला मजकूर वाचून मत देतात, ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’मध्ये ज्यू उंदरांच्या आणि नाझी मांजरांच्या रूपात येतात, एवढे सांगून भागत नाही, चौकटी किती दाट आहेत, काळ्या शाईचा भार कोठे वाढतो, दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत किती काळ सरतो, हे पाहण्यासाठी तेच पान मजकुराकडे दुर्लक्ष करून पुन्हा चाळावे लागते. ‘माउस’ला १९९२ साली पुलित्झर या अमेरिकेतील मानाच्या पुरस्काराचा विशेष सन्मान मिळाला, म्हणून आपले मत सौम्य करण्याचे कारण नाही.

कादंबरीत पुणेकर वाचकाला वेगळाच मोह होतो. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या ‘कोसला’त नायक सांगवीकर शिकायला पुण्यात येतो, ओळखीचे शहर भेटल्याचा आनंद आणि कादंबरीची थोरवी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारातून, अप्पा बळवंत चौकातून, विकत आणलेल्या पुस्तकाविषयी मन नकळत मऊ होते, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर आधी लिहून पाहा.